गाव्हियाचा उतार

बेल्लुनो, २९ मे

नीवेस,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र न उघडताच कपाटात टाकशील, असं धरूनच लिहायला बसलोय. सात महिने झाले तुला गोरित्सिआला जाऊन. निघताना तू म्हणाली होतीस, "खरं सांगता आलं तर लिही, नाहीतर लिहू नकोस." कशाबद्दल खरं, असं मी विचारलं, आणि तू ट्रंकेला कुलूप लावलंस. तेव्हापासून मी चार पत्रं लिहायला घेतली आणि चारही फाडली.

आज लिहितोय कारण ही माझी शेवटची जिरो आहे, यानंतर सायकलची शर्यत नाही. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. वय चौतीस, अकरा वर्षं दुसऱ्यांना पाणी पोचवण्यात गेली. मागे गाडीकडे जायचं, सहा बाटल्या जर्सीत कोंबायच्या आणि पुन्हा पुढे येऊन वाटायच्या. आम्हा पाणक्यांची नावं निकालाच्या यादीत इतकी खाली असतात की पेपरवाले तिथवर छापतच नाहीत. पण यंदा बातम्या तू वाचत असशीलच. सोळा टप्पे झाले, पाच उरले. सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज करून पहिल्या नंबरची गुलाबी जर्सी आमच्या सेम्प्रिनीच्या अंगावर आहे, आणि त्याच्यामागे एक मिनिट चौपन्न सेकंदांवर तुझा भाऊ दुइलिओ. जेवणाच्या टेबलावर मला सगळे "पाहुणे" म्हणतात. मीठ मागितलं तरी कोणीतरी विचारतं, स्वतःसाठी की दुइलिओसाठी?

आज फेल्त्रेच्या बाहेर ओल्या रुळांवर आम्ही चौघे पडलो. मला डाव्या हाताला थोडं खरचटलं. तुल्लिओने मालिश करताना पट्टी बांधून दिली. विशेष काही नाही.

तू बरी असशील. गिरणीतली पाळी अजून सकाळचीच आहे का?

ओलिंतो


कोर्तिना, ३० मे

नीवेस,

खरं सांगायचं ठरवलंय तर आज जे कळलं ते सांगतो.

सेम्प्रिनी तुला आठवत असेल. आपल्या लग्नात दोन तास एकटाच नाचत होता तो. चढावर त्याला धरणारा माणूस आज इटलीत नाही. गेल्या शरद ऋतूत एका शर्यतीत उतारावर त्याच्या पुढचा माणूस कठडा ओलांडून खाली गेला. आदेल्मो नाव त्याचं. जिवंत आहे, पण आता खुर्चीतच असतो. सेम्प्रिनीने ते दहा हातांवरून पाहिलं. नंतर त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही, आम्हाला वाटलं विसरला.

आज फाल्झारेगो घाटाच्या माथ्यावर तो माझ्या शेजारी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ओलिंतो, माझ्या पुढे राहा. आणि बोलत राहा." मला वाटलं थट्टा करतोय. पहिल्याच वळणावर मागे पाहिलं तर त्याची बोटं ब्रेकवर आवळून पांढरी पडली होती आणि डोळे माझ्या मागच्या चाकावर खिळलेले. त्याला रस्ता दिसतच नव्हता. मग मी ओरडायला लागलो: डावं, रुंद आहे. उजवं, खडी आहे, सावकाश. आता सरळ, सोड. पंधरा किलोमीटर मी असा बडबडत उतरलो आणि तो माझ्या मागे आंधळ्यासारखा आला. खाली पोचल्यावर नेहमीसारखा हसला, फोटोवाल्यांना हात केला.

मालिशच्या टेबलावर त्याने मला आणि तुल्लिओला शपथ घातली. संघाचा प्रमुख देल्फो, त्यालाही सांगायचं नाही. देल्फोला कळलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या ताफ्याला कळेल, आणि मग एकेका उतारावर त्याची शिकार होईल. तीन डोंगरी दिवसांत मिनिट-चौपन्न सेकंद म्हणजे काहीच नाही.

"किती दिवस होतंय हे?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. इतके दिवस डोंगर लहान होते."

नीवेस, त्याच्याकडे बघून मला कीव आली नाही. भीती वाटली. त्याचा जीव आता माझ्या घशात अडकलाय.

ओलिंतो


कोर्तिना, ३१ मे, विश्रांतीचा दिवस

नीवेस,

कालचं पत्र मी स्वतः टपालपेटीत टाकलं. हॉटेलात परत आलो, बूट काढायला बसलो आणि तेव्हा लक्षात आलं की मी काय केलं. तू त्याची बहीण आहेस.

पोस्टात धावत गेलो. पेटी रिकामी झाली होती. काउंटरवरच्या बाईने मान हलवली आणि म्हणाली, इतकं वाईट लिहिलं असेल तर आता फुलं पाठवा. मागे उभी असलेली माणसं हसली.

दुपारी दुइलिओ आमच्या हॉटेलाच्या अंगणात येऊन बसला. सगळ्यांसमोर, उघडपणे, माझ्या शेजारच्या खुर्चीत. मला मांडीवर थाप मारून म्हणाला, "काय दाजी, आवाज बसलाय वाटतं?" बसलाच होता. थंडी लागली म्हणालो. तो माझ्या हाताच्या पट्टीकडे बघत होता, मग वर सेम्प्रिनीच्या खिडकीकडे. तुझा उल्लेख त्याने केला नाही, मीही नाही. अर्धा तास हवेबद्दल बोललो. डोंगरात बर्फ पडतोय म्हणतात, गाव्हिया घाट उघडतील की नाही सांगता येत नाही.

तो गेल्यावर देल्फो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. दुइलिओशी काय बोललास, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ते पत्र मिळालं तर जाळून टाक. एवढंच मागतो.

ओलिंतो


त्रेंतो, १ जून

नीवेस,

मिळालं तर तुला.

आज रोल्ले घाटाचा माथा दहा जणांनी एकत्र ओलांडला. चढावर दुइलिओने काहीच केलं नव्हतं, शेवटच्या नंबरवर रेंगाळत होता. माथा ओलांडला, उतार सुरू झाला आणि तो सुटला. चढावर नाही, उतारावर! कोणी शहाणा माणूस ओल्या उतारावर हल्ला करत नाही, ज्याला समोरच्याचं मर्म माहीत आहे तोच करतो. दोन वळणांनंतर त्याने मागे वळून पाहिलं. रस्त्याकडे नव्हे, सेम्प्रिनीकडे.

मी घसा फाटेपर्यंत ओरडत होतो. वेग वाढवला की सेम्प्रिनी मागे राहायचा, कमी केला की दुइलिओ आणखी लांब. खाली आलो तेव्हा चाळीस सेकंद गेले होते. आता एक मिनिट चौदा उरलेत.

सेम्प्रिनी रेषा ओलांडून सरळ माझ्याकडे आला. "त्याला माहीत आहे," एवढंच म्हणाला. माझ्यावर आरोप केला नाही. मी मान खाली घातली, कारण ही गोष्ट आणखी कोणाला माहीत असू शकते हे फक्त मला ठाऊक होतं.

तू त्याला फोन केलास ना? भाऊ आहे, करशीलच. मी लिहायलाच नको होतं. पण तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. तू म्हणालीस खरं लिही, मी लिहिलं, आणि त्या खऱ्याचं तू हे केलंस. आता पुन्हा लिहिणार नाही.

ओलिंतो


बोर्मिओ, २ जून

नीवेस,

कालचं पत्र तुला मिळण्याआधी हे मिळावं अशी इच्छा आहे. तसं होणार नाही, म्हणून क्रमाने सांगतो.

आज त्रेंतोहून निघायच्या आधी, सही करायच्या रांगेत, दुइलिओ माझ्या मागे उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तोच म्हणाला, "दाजी, तुझा हात कसा आहे?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. ताईचा काल संध्याकाळी हॉटेलवर फोन आला होता. विचारत होती ओलिंतोचा हात कसा आहे. मी म्हटलं मला काय माहीत, तो दुसऱ्या संघात आहे."

"आणखी काय म्हणाली?"

"काही नाही. जेवतोय का म्हणाली. मी जेवतोय का, हे मात्र विचारलं नाही तिने."

मग मी स्पष्टच विचारलं, काल उतारावर का सुटलास. तो हसला. "त्या दिवशी फाल्झारेगोवर मी तुमच्या मागे वीस हातांवर होतो. तू लिलावातल्या माणसासारखा ओरडत होतास, डावं, उजवं, खडी. गुलाबी जर्सीवाल्याला डावं-उजवं कोण सांगतं? मला कान आहेत, दाजी. अंगणात फक्त खात्री करायला आलो होतो."

माझ्याच आवाजाने सांगितलं होतं त्याला.

मी दिवसांचा हिशोबही केला नव्हता, नीवेस. माझं पत्र तुला लवकरात लवकर काल मिळालं असेल. तू ते वाचलंस आणि फोन उचललास. भाऊ पहिल्या जिरोपासून एक मिनिट चौदा सेकंद दूर, आणि त्याला ती मिळवून देईल अशी गोष्ट तुझ्या हातात. आणि तू माझ्या हाताबद्दल विचारलंस. त्याच वेळी मी त्रेंतोत बसून तुला ते पत्र लिहीत होतो.

क्षमा मागणार नाही, ती फार स्वस्त पडेल. त्याऐवजी जे सांगायचं आहे ते सांगतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सार्डिनियात, तुझ्या आईची तार मला संध्याकाळी मिळाली असं मी सांगितलं होतं. ती सकाळी आठला मिळाली. तुल्लिओने खोलीत आणून दिली. *मुलगी झाली. दोघींची प्रकृती नाजूक. ताबडतोब निघ.* बोट दुपारी बाराची होती. शर्यत साडेदहाला सुटणार होती. मी तार घडी करून जर्सीच्या मागच्या खिशात घातली आणि एकशे नव्वद किलोमीटर चालवली. सेम्प्रिनीला त्या दिवशी माझी गरज होती असं स्वतःला सांगितलं. तेही खरं नाही. मला भीती वाटली. सायकलवर काय करायचं ते मला कळत होतं, तुझ्या खाटेशेजारी काय करायचं ते कळत नव्हतं. संध्याकाळी ती तार देल्फोला दाखवून म्हणालो, आत्ताच आली. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने निघालो. बाराची बोट घेतली असती तर शुक्रवारी पोचलो असतो, आपली मुलगी असताना. शनिवारी संध्याकाळी पोचलो.

हे पंधरा महिने कोणाला सांगितलं नाही. तुल्लिओला माहीत आहे, पण तो बोलत नाही.

आज वर चढताना सेम्प्रिनीने वीस सेकंद परत मिळवले. तोनालेचा उतार रुंद होता, निभावला. एक मिनिट चौतीस. उद्या गाव्हिया. रस्ता साफ केलाय म्हणतात. पलीकडचा उतार कच्चा आहे, एका गाडीच्या रुंदीचा, आणि कठडा नाही.

ओलिंतो


एदोलो, ३ जून

नीवेस,

तू रेडिओवर ऐकलं असेल, पण रेडिओची गाडी वरच अडकली होती, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते निम्मं मनाचं आहे. घडलं ते असं.

सकाळी सेम्प्रिनी म्हणाला, मी चढावर मिळेल तेवढा वेळ मिळवतो, तू आधीच वर पोच आणि माझी वाट बघ. चढावर मी त्याच्याबरोबर टिकू शकत नाही हे त्यालाही माहीत आहे. देल्फोला आम्ही सांगितलं की पुढच्या दरीत वाऱ्यात मदत लागेल म्हणून मी पुढे जातो. सांता कातेरीनाच्या आधीच मी चौघांबरोबर सुटलो. गारा सुरू झाल्या. डांबर संपलं, चिखल लागला. चौघांपैकी दोघे थांबले, मग तिसरा. चौथा मागे किती अंतरावर होता ते नंतर दिसेनासं झालं.

माथ्यावर बर्फाच्या भिंती माणसापेक्षा उंच होत्या. मी पहिला पोचलो, नीवेस. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पुढे कोणी नव्हतं. निशाण घेतलेला माणूस ओरडला, अडीच मिनिटं पुढे आहेस, जा! मी सायकलवरून उतरून कडेला उभा राहिलो. त्याला वाटलं काहीतरी मोडलंय. झोपडीतल्या बाईने कपभर गरम सूप दिलं आणि पोटाशी घालायला वर्तमानपत्र. चौथा माणूस आला आणि माझ्याकडे न बघता खाली गेला. टप्पा त्यानेच जिंकला. त्याबद्दल अधिक लिहिणार नाही.

सेम्प्रिनी आला तेव्हा दुइलिओ त्याच्या मागे पन्नास सेकंदांवर होता. ते पन्नास आणि आधीचं मिनिट-चौतीस धरून जवळजवळ अडीच मिनिटं हातात. नुसतं खाली पोचायचं होतं. आम्ही निघालो. मी बोलत होतो, तो येत होता. चार वळणं झाली. पाचव्या वळणावर डाव्या हाताला काहीच नव्हतं, नुसतं ढग आणि खालून येणारा पाण्याचा आवाज. मागचा आवाज थांबला म्हणून वळून पाहिलं. सेम्प्रिनी सायकल आडवी टाकून डोंगराच्या बाजूला एका दगडावर बसला होता.

मी परत वर चालत गेलो. तेवढ्यात दुइलिओ आला. आम्हाला पाहून त्याने ब्रेक लावले, पाय टेकला. "दाजी, काही मोडलंय का? लागलंय का त्याला?"

"नाही."

तो माझ्याकडे बघत होता, मी सांगेन ते करणार असल्यासारखा. थांब म्हणालो असतो तर थांबला असता असं मला अजून वाटतं.

"जा," मी म्हणालो.

तो गेला. त्याच्या मागे त्यांच्या संघाची मोटारसायकल होती, त्यावरच्या माणसाने हे पाहिलं.

मग एकेक करून बाकीचे जात राहिले. सेम्प्रिनीचे दात वाजत होते. म्हणाला, "मला खाली जायचं नाही. गाडी येईल, गाडीत बसतो." गाडी येणार नव्हती, सगळ्या वर चिखलात रुतल्या होत्या. म्हटलं, चालत जाऊ. दोन वळणं आम्ही सायकली हातात धरून चाललो, गुलाबी जर्सी आणि मी, म्हाताऱ्यांसारखे. माझी सायकल चिखलात घसरली, ती सावरायला डावा हात पुढे केला आणि मी किंचाळलो.

त्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही. त्याने माझं मनगट धरलं, पट्टीवरून दाबलं आणि माझा चेहरा पाहिला.

"कधीपासून?"

"बेल्लुनोपासून."

"या हाताने ब्रेक दाबतोस?"

"नाही. एकाच ब्रेकवर उतरतोय."

तुलाही आता सांगतो: खरचटलेलं नाही, हाड मोडलंय. तुल्लिओने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डॉक्टरकडे गेलो असतो तर घरी पाठवलं असतं.

सेम्प्रिनीने माझं मनगट हलकेच सोडलं. "म्हणजे तुलाही भीती वाटत होती?"

"प्रत्येक वळणावर."

"मग आवाज कसा कापत नव्हता तुझा?"

"ओरडताना कापत नाही. म्हणून तर ओरडत होतो."

तो हसला असं म्हणता येणार नाही, पण उठला. सायकल उचलली. म्हणाला, "आज मी पुढे राहतो. तू मागून बोल." तो पुढे, मी मागे, असे आम्ही उतरलो. इतके सावकाश की पोन्ते दी लेन्योला लोक घरी जायला लागले होते. एदोलोला पोचेपर्यंत आठ मिनिटं गेली. जर्सी दुइलिओच्या अंगावर आहे. सेम्प्रिनी चौथा.

जेवणाआधी देल्फोने सगळ्यांना एका खोलीत बोलावलं. सेम्प्रिनीने त्याला स्वतःच आदेल्मोपासूनचं सगळं सांगितलं होतं. देल्फोने आवाज चढवला नाही. म्हणाला, मोटारसायकलवाल्याने तुला दुइलिओशी बोलताना पाहिलं, तू त्याला जा म्हणालास. मी म्हटलं, हो, म्हणालो. तो म्हणाला, उतारांचं गुपित तीन माणसांना माहीत होतं, आणि त्यांतल्या एकाचा तो मेहुणा आहे. "ओलिंतो, तू हे कोणाला सांगितलंस?"

नाही म्हटलं असतं तर पुरावा कोणाकडेच नव्हता. तुल्लिओ टेबलाखालून माझी बाही ओढत होता.

"बायकोला लिहिलं," मी म्हणालो. "तिने कोणाला सांगितलं नाही. दुइलिओने माझं ओरडणं ऐकून ओळखलं."

दुसरं आणि तिसरं वाक्य कोणी ऐकलंच नाही. एक जण भिंतीकडे वळला. सेम्प्रिनी खुर्चीतून उठून माझ्यासमोर आला. त्याचा चेहरा गाव्हियावर होता त्यापेक्षा वाईट होता. "माझी भीती तू पत्रात लिहिलीस?"

"हो."

तो खोलीबाहेर गेला. देल्फोने माझ्या पाठीवरचा नंबर काढून घ्यायला हात पुढे केला. उद्या मिलानला मी ट्रकमधून जाणार. वीस टप्पे झाले, एक राहिला.

सेम्प्रिनीने विचारलं त्याचं मला वाईट वाटत नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, ती भीती माझी नव्हती.

ओलिंतो


मिलान, ४ जून

नीवेस,

ट्रकमधून आलो नाही.

सकाळी मी पेटी भरत होतो. हात आता उघडपणे गळ्यात बांधला होता. दारावर टकटक झाली. सेम्प्रिनी होता, हातात माझा नंबर. दार लावून तो खाटेच्या कडेला बसला. न्याहारीच्या वेळी दुइलिओ आमच्या हॉटेलात आला होता म्हणे, गुलाबी जर्सी घालूनच, सगळ्यांच्या देखत. देल्फोच्या टेबलापाशी उभा राहून त्याने फाल्झारेगोवर काय ऐकलं ते सांगितलं. आणि म्हणाला, माझ्या बहिणीला माहीत होतं हे मला काल रात्री तुमच्याकडूनच कळलं, तिने मला सांगितलं असतं तर मी चार दिवस निवांत झोपलो असतो.

सेम्प्रिनी हे सगळं जमिनीकडे बघत सांगत होता. मग म्हणाला, "तू लिहिलंस ते मला आवडलेलं नाही. अजूनही नाही."

"मला माहीत आहे."

"पण मिलानपर्यंत उतार नाही. आणि ऊन आहे. मला पाणी कोण आणून देणार?"

एका हाताने नंबर लावता येत नाही. तो त्याने लावला, पिना तोंडात धरून, आईने शाळेत जाणाऱ्या मुलाला लावावा तसा. देल्फो दारात उभा होता. त्याने गाडीत बाटल्या माझ्यासाठी अर्ध्याच भरायला सांगितल्या, एका हाताने पेलतील अशा.

मी त्रेपन्नावा आलो. पंधरा बाटल्या पोचवल्या. मैदानात दुइलिओला खांद्यावर घेऊन फिरवलं, तुझी आई समोर बसली होती, रडत होती. मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवल्या, एका हाताने मांडीवर. दुइलिओने मला पाहिलं आणि हात हलवला. देल्फोला मी सांगितलं की पुढच्या वर्षी येणार नाही. तो म्हणाला, मीही तेच सांगायला आलो होतो.

आता दवाखान्यात आहे. डॉक्टरने प्लास्टर घातलंय, सहा आठवडे. इथून कुठे जायचं ते ठरलेलं नाही. गावातलं घर बंद आहे. तुल्लिओ म्हणतो त्याच्याकडे चल. गोरित्सिआला येऊ का, असं विचारायला घेतलं होतं, पण त्या तारेबद्दलचं पत्र तू वाचल्यावर हा प्रश्न तुला विचारणं बरोबर आहे की नाही ते मला कळत नाही. म्हणून विचारत नाही. पत्ता खाली देतो. एवढंच.

ओलिंतो


गोरित्सिआ, ७ जून

ओलिंतो,

तुझी पत्रं ज्या क्रमाने तू लिहिलीस त्या क्रमाने आली नाहीत. रागाचं सगळ्यांत शेवटी आलं, काल. तोवर मी बाकीची वाचली होती, म्हणून तेही शेवटपर्यंत वाचता आलं.

दुइलिओला मी सांगितलं नाही ते तुझ्यासाठी नव्हतं. एका घाबरलेल्या माणसाची गोष्ट होती ती, तिच्यावर त्याच्याशिवाय कोणाचा हक्क नाही. तुझाही नव्हता. दुइलिओ माझ्यावर रुसलाय, पण जर्सी घरी आणून आईच्या खुर्चीवर टाकलीय, त्यामुळे फार दिवस रुसणार नाही.

तारेचं मला माहीत होतं. आईने पोचपावती मागवली होती. त्यावर वेळ लिहिलेली असते, सकाळी आठ वाजून पाच मिनिटं. ती पावती तू येण्याआधीच माझ्याकडे होती. मी दवाखान्यात पडून तुझी वाट बघत होते, आणि तू येऊन म्हणालास, संध्याकाळी मिळाली. नंतर नऊ महिने थांबले, की कधीतरी सांगशील. मग गेले. तू आला नाहीस म्हणून गेले नाही, हे तुला आता तरी कळावं.

भीती वाटली म्हणून आलो नाहीस असं लिहिलंस. ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं की शर्यत जास्त महत्त्वाची होती. यांतलं कोणतं बरं, ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरवायला वेळ लागेल, आणि त्या वेळात तू मला घाई करायची नाहीस.

माझी पाळी सकाळचीच आहे, दोन वाजता सुटते. इथे मावशीकडे वरची खोली रिकामी आहे. जिना अरुंद आहे, प्लास्टर सांभाळून ये.

अग्नेसे दोन दिवस जगली, ओलिंतो. त्या दोन दिवसांत ती कशी होती, काय करायची, हे तू मला एकदाही विचारलं नाहीस. बरंच काही केलं तिने. आलास की सांगते.

नीवेस